हरकती शून्य, सूचना शून्य

आईने सकाळपासून सातव्यांदा लॅपटॉप उघडला, आकडा बघितला आणि झाकण असं आपटलं की बाबांच्या हातातलं अंडं तव्यावर यायच्या आधीच फुटलं.

"किती?" बाबांनी हात पुसत विचारलं.

"शून्य."

"कालही शून्यच होतं ना?"

"कालही, परवाही. तीस दिवस झाले, रोज शून्य. अहो, एवढ्या मोठ्या गावात एकालाही काही म्हणायचं नाही? शिव्या घाला म्हणावं, पण लिहा तरी!"

टेबलाखाली भिंगरीचा पाय इंजिनासारखा हलत होता. त्यामुळे टेबल हलत होतं, टेबलावरचे कप हलत होते, आणि तिची वेणीसुद्धा. तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. पायाला भिंगरी लागलेलं माणूस एका जागी ठरत नाही म्हणतात. हिच्या तर पायालाच काय, कोपरांनाही लागलेली होती. पंधरा वर्षांत हिच्या धक्क्याने जेवढी भांडी लवंडली तेवढ्यात एक हॉटेल निघालं असतं, असा बाबांचा हिशोब.

"आणि इस्त्रीवाल्या मावशीसुद्धा नाही गं," आई हळूच म्हणाली. हे मात्र ती चिडून नाही म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. "बाटली घ्यायला गेले की दर खेपेला विचारतात, काय निघालं आमच्या पाण्यात. आता विचारायची वेळ आली तर गप्प."

भिंगरीचा पाय थांबला. कारण पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिनेच नेऊन दिली होती मावशींना, आणि मावशींनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, "आजच्या आज लिहिते बघ!"

आता ही शून्याची भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

भिंगरीची आई एका सरकारी संशोधन संस्थेत पाणी तपासते. तिचं सगळं काम बाटल्यांचं. गावाच्या खालच्या जुन्या भागात बेचाळीस घरं तिने धरलेली आहेत. ठरलेल्या दिवशी त्या घरांत रिकामी बाटली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातलं कोणी नळाला हात लावायच्या आधी, दात घासायच्याही आधी, ती भरून ठेवायची असते. रात्रभर नळात मुरलेलं पाणी. जुन्या पाइपातून काय काय विरघळतं ते त्या पहिल्या पाण्यात सापडतं. अकरा वर्षं आई त्या बाटल्या गोळा करतेय. खालच्या भागात तिला डॉक्टर-बिक्टर कोणी म्हणत नाही. बाटलीवाल्या बाई म्हणतात.

तर झालं असं की सरकारने ठरवलं, लोकांच्या पैशांतून होणारं विज्ञान लोकांसाठी खुलं हवं. शोधनिबंध खुले, आकडे खुले, कपाटात कुलपं नकोत. प्रत्येक संस्थेने आपापलं धोरण लिहायचं, मंत्रालयात पाठवायचं, आणि त्या सगळ्यांतून देशाचं एक धोरण होणार. आईच्या संस्थेत अकरा जणांची समिती बसली आणि आईला सदस्य-सचिव केलं. म्हणजे लिहायचं सगळं हिने आणि चहा पिऊन मान डोलवायची बाकीच्या दहांनी.

मसुद्यात कलमं अठरा. त्यातली सतरा शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांना काय द्यायचं याची. नववं कलम मात्र आईचं स्वतःचं होतं. भिंगरीला ते पाठ होतं: 'ज्यांच्याकडून नमुना घेतला, त्यांना निकाल सर्वांत आधी आणि त्यांना समजेल अशा भाषेत कळवावा.'

एवढंच. आता यात कोणाच्या पोटात दुखावं? पण दुखलं. विभागप्रमुखांच्या. त्यांना भिंगरीच्या घरी सगळे 'पण-परंतु सर' म्हणतात, कारण त्यांचं एकही वाक्य त्याशिवाय सुरू होत नाही. ते म्हणाले, "पण लोकांना हे हवंय, असं म्हणतंय कोण?" मग संचालकबाईंनी तोडगा काढला. मसुदा तीस दिवस संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवायचा, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या. लोकांनी मागितलं तर नववं कलम राहील. कोणी काही बोललंच नाही तर जाईल.

आज शुक्रवार, तिसावा दिवस. चारला शेवटची बैठक, सहाला मसुदा मंत्रालयात.

आणि भिंगरीला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत असायला नको होती. दोन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराआडून तिने ऐकलं होतं.

"तीन घरं आहेत," आई बाबांना सांगत होती. "तीन घरांच्या पाण्यात शिसं निघालंय. एका घरात तर दोन वर्षांचं लेकरू आहे हो. एवढ्याशा जिवाच्या मेंदूवर परिणाम होतो त्याचा."

"मग सांगून टाक ना!"

"कशी सांगू? निबंध छापून येईपर्यंत निकाल बाहेर द्यायचा नाही, असा नियम आहे. निबंध आठ महिने पडून आहे नियतकालिकाकडे. मी नियम मोडला तर अकरा वर्षांचा अभ्यास बाद ठरवतील. मग पाइप बदला म्हणून नगरपालिकेला सांगणार कोण? म्हणून सगळ्यांनाच सांगत सुटते, सकाळचं पहिलं पाणी दोन मिनिटं सोडून द्या. का, असं विचारतात. मग मी मूग गिळून बसते."

त्या दिवसापासून नववं कलम भिंगरीच्या डोक्यात माशीसारखं घोंगावत होतं. बसू दे ना नि झोपू दे ना.

शाळेत त्या दिवशी तिने काय केलं ते तिला विचारू नका. गणिताच्या बाईंनी दोनदा नाव घेतलं, तिने दोनदा "शून्य" उत्तर दिलं, आणि दुसऱ्यांदा ते चक्क बरोबर निघालं. मनातल्या मनात ती इस्त्रीवाल्या मावशींशी भांडत होती. एवढं तोंड वर करून विचारायचं, आणि हातावर तुरी द्यायच्या! शुक्रवारी शाळा दीडला सुटते. घंटा वाजायच्या आधी हिचं दप्तर पाठीवर होतं.

खालच्या भागात गल्ल्या अशा अरुंद आहेत की समोरून हातगाडी आली तर एकाने कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. भिंगरी तीन ओटे चढली-उतरली आणि मावशींच्या दुकानात घुसली. पुढे दुकान, मागे एक खोली, असं ते घर. कपड्यांचे ढीग छताला टेकायला आलेले, आणि त्यामध्ये वाफेच्या ढगात मावशी. पायाशी त्यांची नात चिमणी एक चिमटा चघळत बसली होती.

"आलं का वादळ!" मावशी इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "सांभाळून गं बाई, तो ढीग वकिलांचा आहे. पाडलास तर मला कोर्टात उभी करतील."

"मावशी, तुम्ही खोटं बोललात."

इस्त्री थांबली. "काय म्हणालीस?"

"लिहिते म्हणालात ना? गळ्याची शपथ घेतलीत ना? आईच्या मसुद्यावर एकानेसुद्धा काही लिहिलं नाही. आज चारला कलम काढून टाकणार आहेत. माझी आई सकाळी..." इथे भिंगरीचा आवाज जरा वाकडा झाला, म्हणून तिने वाक्य तसंच सोडलं.

मावशींनी इस्त्री उभी केली. चेहरा तांबडा झाला होता, आणि तो वाफेने नव्हता.

"लिहिणारच होते मी," त्या म्हणाल्या. "चांगलं जुळवून ठेवलं होतं मनात. पण ते आत घेईनाच."

"कोण आत घेईना?"

"ते तुझ्या आईचं पान." त्यांनी कपाटावरून फोन काढला, काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, आणि चिठ्ठीवरचा पत्ता बोटाने एकेक अक्षर शोधत घातला. "हे बघ. असंच येतं."

भिंगरीने बघितलं. पांढऱ्या पानावर मध्येच दोन चौकोन. वर लिहिलं होतं: 'कर्मचारी क्रमांक'. खाली: 'पासवर्ड'.

"आता मला सांग," मावशी म्हणाल्या, "मला कुठला आलाय कर्मचारी क्रमांक? मी म्हटलं, हे मोठ्या लोकांचं काम दिसतंय. बेकरीवाल्याला विचारलं, त्याचंही तसंच. मग निवृत्त मास्तरांना विचारलं. ते तर भडकलेच. म्हणाले, जेवायला बोलवायचं आणि दाराला कडी लावायची, ही कुठली रीत?"

"मग आईला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमचं पान मला येत नाही, असं? एवढी शिकलेली बाई माझ्या ओट्यावर बसून चहा पिते. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. उगाच शोभा कशाला?"

भिंगरीच्या डोक्यात एकदम सगळं फिरायला लागलं. तिने ते पान बघितलं होतं, दहादा बघितलं होतं, पण आईच्या लॅपटॉपवर. तिथे ते धडधडीत उघडायचं. आईच्या लॅपटॉपवर आईचा क्रमांक कायमचा भरलेला! म्हणजे तीस दिवस अख्खं गाव दाराबाहेर उभं होतं, आणि आत आई रडकुंडीला आलेली, कोणीच कसं येत नाही म्हणून!

तिने मावशींच्याच फोनवरून आईला फोन लावला. बंद. बैठकीच्या दिवशी आई फोन खणात टाकते. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

"पळते मी," ती म्हणाली आणि वळली, तेवढ्यात चिमणीने चिमटा फेकून भोकाड पसरलं. मावशींनी तिची दुधाची बाटली घेतली, पावडर घातली आणि फडताळावरचा पाण्याचा जग उचलला.

"मावशी, ते पाणी कधीचं?"

"सकाळचं. पहिलं. थंडगार असतं."

"आई सांगते ना, पहिलं पाणी सोडून द्या म्हणून!"

"सांगते खरं. पण का सोडायचं ते सांगते का? पाणी काय वाटेवर पडलंय? कारण कळलं तर माणूस ऐकेल. उगाच कोण ओतेल गं?" असं म्हणत मावशींनी जग खाली ठेवला आणि बाटलीचं बूच शोधायला वाकल्या.

दोन वर्षांचं लेकरू. हेच ते घर का? तिला माहीत नव्हतं. दोन वर्षांचं मूल गावात काय एकच असतं? आणि सांगायचं तर काय सांगायचं, आणि सांगितलं तर आईचं काय? तोंड उघडता येत नाही म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. ते दाताच्या दुखण्यापेक्षा वाईट असतं.

मग तिने आयुष्यात पहिल्यांदा एक भांडं मुद्दाम लवंडलं. कोपराचा एक धक्का, आणि जग उलटा. पाणी फडताळावरून खाली, वकिलांच्या दोन शर्टांवर.

"अगं ए भवाने!" मावशी ओरडल्या. "डोळे आहेत का बटणं? आत्ता इस्त्री केले होते ते!"

"चुकलं, चुकलं! नळाचं ताजं घ्या, दिवसभर चालू आहे ना तो! येते मी!" आणि ती गेली. मावशींच्या उरलेल्या शिव्या तिच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या.

बस आली नाही. बस कधी येते? तुम्हाला घाई नसते तेव्हा. बारा मिनिटं वाट बघून भिंगरी चालायला लागली, मग पळायला लागली, आणि अर्थात तेव्हाच बस तिच्या बाजूने धुरळा उडवत गेली. संस्थेच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती आणि तिच्या छातीत हातोडे पडत होते.

"आज आत सोडायचं नाही कोणाला," पहारेकरी काका म्हणाले. ते तिला ती दुपट्यात होती तेव्हापासून ओळखत होते, तरी म्हणाले. "मोठी बैठक आहे. खुल्या धोरणाची."

"काका, तुमचा फोन आहे? नुसतं एक पान उघडून बघा. मग हाकला मला."

काकांनी चष्मा लावला. पत्ता घातला. बघितलं. पुन्हा बघितलं.

"पासवर्ड विचारतंय की गं. आणि क्रमांक. आमचा क्रमांक ठेकेदाराकडे, संस्थेकडे नाही." त्यांनी मान वर केली. "बावीस वर्षं या फाटकावर उभा आहे मी. मी पण बाहेरचाच?"

"काका, तुमचा फोन आणि तुम्ही, दोघंही चला. पळत."

काका पळाले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पळाले असावेत, कारण जिन्यात भेटलेले तीन शास्त्रज्ञ भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आग कुठे लागली म्हणून विचारायला लागले.

सभागृहाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. लांब टेबल, अकरा माणसं, अकरा पाण्याच्या बाटल्या. आई उभी राहून वाचत होती, हातातला कागद अगदी सरळ धरून.

"मुदत तीस दिवस. हरकती शून्य, सूचना शून्य."

"पण हे अपेक्षितच होतं," पण-परंतु सर खुर्चीत मागे रेलले. "लोकांना हवं असतं तर लोक बोलले असते. नववं कलम वगळून..."

"लोकांना बोलूच दिलं नाही!" भिंगरी आत शिरत म्हणाली.

अकरा माना वळल्या. आईचा चेहरा आधी घाबरला, मग रागावला. "तू? इथे? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबा बरे आहेत. पान बरं नाहीये. आई, ते बाहेरून उघडतच नाही. पासवर्ड मागतं. इस्त्रीवाल्या मावशींनी करून बघितलं, बेकरीवाल्यांनी, मास्तरांनीही. सगळे दारातून परत गेले."

"पण हे अशक्य आहे," पण-परंतु सरांनी लगेच फोन काढला. "मी स्वतः पाहिलंय. हे बघा. उघडलं."

"माझ्याकडेही उघडलं," कोणीतरी म्हणालं. "माझ्याकडेही." टेबलाभोवती दहा फोन निघाले आणि दहाही फोनांवर अठरा कलमं व्यवस्थित उघडली. संचालकबाई त्यांच्या सवयीप्रमाणे पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. त्यांनीही बघितलं. "उघडतंय की गं बाळ."

भिंगरीचे कान लाल झाले. क्षणभर तिला वाटलं, धरणी दुभंगावी. मग ती म्हणाली, "तुम्ही सगळे आत आहात म्हणून! काका, दाखवा ना."

पहारेकरी काका पुढे झाले. धाप अजून गेली नव्हती. त्यांनी आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, अगदी हळू, फुटेल असा. पांढरं पान. दोन चौकोन.

संचालकबाईंच्या पेनाचं टोपण अर्ध्यावर थांबलं.

आई त्या फोनकडे बघत होती. मग तिने डोळे मिटले, आणि भिंगरीला कळलं की आईला आठवलंय.

"मसुदा अर्धा असताना मी पानाला कुलूप घातलं होतं," आई म्हणाली. "अर्धवट मजकूर बाहेर जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी काढायचं होतं. मी माझ्या टेबलावरून बघितलं, उघडलं. घरी माझ्याच लॅपटॉपवर बघितलं, तिथेही उघडलं. मला वाटलं, काढलंय. तुम्ही सगळ्यांनीही बघितलंत, पण आपण सगळे आतूनच बघत होतो."

"पण मॅडम," पण-परंतु सर घसा खाकरत म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता, "तांत्रिक बिघाड म्हणून नोंद करता येईल की. संगणकात असं होतं. तुमच्यावर यायला नको. तुमच्या बढतीचंही आहे या वर्षी."

भिंगरीने आईकडे बघितलं. सोपं होतं. एक शब्द लिहायचा, बिघाड, आणि सुटायचं. भिंगरीने अशा शंभर भानगडींत 'मांजराने पाडलं' म्हटलेलं होतं, आणि त्यांच्या घरी मांजरही नाही.

आईने कागद टेबलावर ठेवला.

"बिघाड नाही झाला. कुलूप मी लावलं आणि काढायला मी विसरले. आपणच चौदाव्या कलमात लिहिलंय, फसलेले प्रयोगसुद्धा लपवायचे नाहीत. मग हा फसलाय. असाच लिहा. माझ्या नावाने लिहा."

"पण मग सचिवपदी राहणं..."

"नाही राहणार," आई म्हणाली.

संचालकबाईंनी टोपण घट्ट बसवलं. त्या फार बोलत नसत, त्यामुळे बोलल्या की लोक लिहून घेत.

"लोकांनी नको म्हटलं असतं तर नववं कलम मी आज काढलं असतं. आपण लोकांना विचारलंच नाही, तेव्हा काढायचा अधिकारही आपल्याला नाही. मसुदा आज अठराच्या अठरा कलमांसह जाईल, आणि वर हे लिहून जाईल की लोकांना बोलता आलं नाही आणि का आलं नाही. पान पुन्हा तीस दिवस. खुलं." त्यांनी पहारेकरी काकांकडे बघितलं. "यांच्या फोनवर उघडेल तेव्हाच खुलं म्हणायचं. नवीन सदस्य-सचिव..." त्यांची नजर टेबलावरून फिरत पण-परंतु सरांवर थांबली.

"पण मी..."

"पण नाही. गल्लीत जाऊन तुम्हीच लोकांना विचारा, हवंय का म्हणून."

आईने श्वासही न घेता विचारलं, "मॅडम, आणि तोवर? या तीस दिवसांत नववं कलम लागू की नाही?"

भिंगरीचा पाय आपोआप हलायला लागला होता. एक, दोन, तीन, चार.

"चाचणी म्हणून लागू," संचालकबाई म्हणाल्या. "तुमच्याच प्रयोगशाळेपासून. लेखी आदेश हवाय?"

"हवाय," आई म्हणाली.

पाच वाजता मायलेकी खालच्या भागात होत्या. आईच्या पिशवीत सही-शिक्क्याचा आदेश आणि तीन घरांचे तीन कागद. ती इतकी भरभर चालत होती की भिंगरीलाच पळावं लागत होतं.

"रागावलीस का?" भिंगरीने विचारलं.

"कोणावर?"

"माझ्यावर. सगळ्यांसमोर बोलले म्हणून. तुझं सचिवपद गेलं."

"ते पद होय? ते म्हणजे फुकटची हमाली." आईने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "लाज वाटली गं. खूप. अजून वाटतेय. तू रात्री जेवताना गंमत म्हणून सांगू नकोस हे, आज तरी."

पहिला कागद मावशींचाच होता.

मावशी वकिलांचे शर्ट दुसऱ्यांदा इस्त्री करत होत्या. त्यांनी आधी भिंगरीकडे बघितलं, मग जगाकडे, आणि जग उचलून वरच्या फळीवर ठेवला. आई ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं, साध्या शब्दांत. तुमच्या पाइपात शिसं आहे. रात्रभर पाणी थांबलं की त्यात उतरतं. सकाळचं पहिलं पाणी वाईट, दोन मिनिटं सोडलं की बरंच कमी होतं. मोठ्यांना हळूहळू त्रास होतो, लहानांना जास्त. चिमणीचं रक्त तपासायला हवं, उद्याच. मी येते बरोबर.

मावशींनी इस्त्री बंद केली. चिमणी एका मोज्याशी गप्पा मारत होती.

"कधीपासून माहीत आहे?"

"आठ महिने."

"आठ महिने तुम्ही माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायलात, बाई."

"हो."

"आणि दोन मिनिटं सोडा, दोन मिनिटं सोडा म्हणत राहिलात. हे एक वाक्य सांगितलं असतंत तर मी दोन तास सोडलं असतं."

आईने 'नियम होता' असं म्हटलं नाही. भिंगरीला वाटलं होतं म्हणेल. आई फक्त म्हणाली, "हो, मावशी."

मावशींनी चिमणीला उचललं आणि कडेवर इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली. मग त्या वळल्या, भिंगरीकडे. "म्हणजे तू जग मुद्दाम सांडलास."

"हो. पण मला नक्की माहीत नव्हतं."

"वकिलांच्या शर्टांवर सांडायची काय गरज होती? बाजूला खाकी होते!" असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते चिमणीच्या फ्रॉकला पुसले. "ते पान कुठंय तुमचं? उघडतं का आता?"

भिंगरीने तडकलेल्या फोनवर पत्ता घातला. गोल चक्र फिरलं. फिरतच राहिलं. मग अठरा कलमं आली, आणि खाली एक रिकामा चौकोन: 'आपली हरकत किंवा सूचना लिहा.'

"लिही तू. माझी बोटं ओली आहेत. लिही: बाटली न्यायला ठरलेल्या दिवशी न चुकता येता. निकाल द्यायला का येत नाही? पायात काटे रुततात का?"

"मावशी, असंच लिहू?"

"असंच. हे सगळ्यांना दिसणार ना?"

"सगळ्यांना. मंत्रालयातसुद्धा."

"मग खाली लिही, इस्त्रीचं दुकान, खालची गल्ली. म्हणजे कोणाला शंका असेल तर विचारायला येईल." त्यांनी आईकडे न बघताच विचारलं, "उरलेली दोन घरं कुठली?"

"ते त्यांनाच आधी सांगायचं आहे," आई म्हणाली.

मावशींनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं, पण तसं दाखवायला त्या तयार नव्हत्या. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. पाणी मोरीत धो धो पडायला लागलं.

"आत्ता नको मावशी, सकाळी," भिंगरी म्हणाली. "दिवसभर चालू असतो तेव्हा..."

"राहू दे गं," आई हळूच म्हणाली.

चिमणीला कडेवर घेऊन मावशी नळासमोर उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत. आई दाराशी, दोन कागद हातात. भिंगरी मध्ये. तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पळावंसं वाटत होतं, बेकरीवाल्याला, मास्तरांना, अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं की उघडलंय, चला, या. पण मावशींच्या पाठीकडे बघून ती तशीच उभी राहिली. दोन मिनिटं किती लांब असतात ते तिला कधीच माहीत नव्हतं.

"झाली का?" मावशींनी विचारलं.

"एक झालं," भिंगरी म्हणाली.